सावित्रीचा पूल

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग महाड मागे टाकल्यावर राजेवाडीच्या बाजूस सावित्री नदी ओलांडतो आणि मग पोलादपूर, कशेडी घाट अशी वाट धरतो. एस.टी.तील प्रवासी हा पूल डुलकीतच पार करतो. आपल्या शालेय इतिहासात तह येतात, लढाया येतात, किल्ले येतात; पूल मात्र सहसा येत नाहीत. तरीही एखाद्या मुलखाचे जीवन जितके एखाद्या पुलाने बदलले तितके कित्येक तहांनी बदललेले नाही. सावित्रीचा पूल हा असाच एक. तो १९२८ साली उभा राहिला, २०१६ साली पडला आणि २०१७ साली त्याच ठिकाणी दुसरा झाला. त्याची हकीगत आपणापुढे ठेवीत आहे.

प्रथम नदीची ओळख करून घेतली पाहिजे. सावित्री महाबळेश्वरास उगम पावते. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून उंच असलेले हे पठार वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलते. तेथून ही नदी सह्याद्रीचा कडा उतरून पोलादपूरमार्गे महाडास येते. महाडजवळ तिला गांधारी मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून ती अरबी समुद्रास मिळते. सगळा उतार सुरुवातीच्या थोड्याशा अंतरात संपतो आणि महाडपासून खाली नदी जवळजवळ सपाटीची. वरून लोंढा येतो आणि खालून भरतीचे पाणी चढते. या दोहोंच्या मध्ये महाड शहर वसले आहे, म्हणून तेथील लोकांना पुराचे नवल वाटत नाही.

खाडीमुळे महाडला व्यापार मिळाला तसाच येण्याजाण्याचा मार्गही मिळाला. त्या काळी कोकणचा खरा हमरस्ता समुद्र होता. मुंबईची आगबोट किनाऱ्याच्या बंदरात लागे, तेथून लहान बोटीने खाडीत शिरायचे आणि उरलेली वाट पायी किंवा बैलगाडीने काटायची. कोळी, भोई, दालदी, तांडेल, खलाशी यांच्या जोरावर सारी ये-जा चाले. याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे असावे. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह महाडच्या सत्याग्रह परिषदेस आले ते मुंबईहून बोटीने. हरिहरेश्वरापर्यंत समुद्रातून, तेथून दासगावपर्यंत खाडीतून आणि दासगावहून महाडपर्यंत चालत. पुढच्याच वर्षी महाडजवळ सावित्रीवर दगडी पूल झाला. महाडला समुद्राकडून यायचे, ही शतकानुशतकांची सवय मोडायला येथून सुरुवात झाली असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

हा पूल दगडी कमानींचा होता. वाचकांपैकी अनेकांनी तो पाहिला असेल. पण कमान भार कशी पेलते याचा विचार आपण क्वचितच करतो. कमानीचे दगड पाचरीच्या आकाराचे घडवलेले असतात. वरून वजन पडले की प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर अधिक घट्ट दाबला जातो आणि हा दाब सरकत सरकत खांबापर्यंत जातो. लोखंड नाही म्हणून गंजण्याची धास्ती नाही. दगडाला दाब चालतो, ताण चालत नाही, आणि कमानीत तर दाबच असतो. म्हणून चांगली बांधलेली कमान पिढ्यान् पिढ्या टिकते. मात्र तिची एक अट असते : पाय हलता कामा नये. दोन शेजारच्या कमानी मधल्या खांबाला दोन्हीकडून रेटत असतात आणि हे रेटे एकमेकांना तोलून धरतात. एक खांब कलला किंवा खाली बसला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानी जातात आणि मग त्यांच्या पलीकडच्या खांबांचाही तोल सुटतो. असा पूल वाकून किंवा करकरून आगाऊ सूचना देईलच याचा भरवसा नसतो.

पूल झाला तेव्हा त्यावरून बैलगाड्या आणि थोड्याशा मोटारी जात असतील. १९४८ साली एस.टी. सुरू झाली. पुढे किनाऱ्यावरील आगबोटी एकेक करून थांबल्या आणि सारा चाकरमानी वर्ग रस्त्यावर आला. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली सुरू झाला. तोपर्यंत गणपतीला गावी जाणाऱ्या लाखो माणसांचे ओझे या रस्त्याने वाहिले. महाडला औद्योगिक वसाहत झाली, रसायनांचे टँकर आले, चिऱ्याचे व वाळूचे ट्रक आले. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पुलाने सोसला. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळून हाहाकार उडाला, त्या पुरातूनही पूल पार पडला. त्याआधीच, २००१ साली, शेजारी दुसरा पूल बांधला गेला होता. त्यामुळे गोव्याकडे जाणारी वाहने नव्या पुलावरून आणि मुंबईकडे येणारी जुन्या पुलावरून, अशी वाटणी झाली. येथे एक प्रश्न मनात येतो. नवा पूल झाल्यावर जुन्याला हलक्या वाहनांपुरते ठेवता आले नसते काय? तसे झाले नाही. भर रहदारीचा निम्मा वाटा त्याच्याकडेच राहिला.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. अमावास्या होती, म्हणजे उधाणाचे दिवस. महाबळेश्वराच्या डोंगरात धो धो पाऊस कोसळत होता आणि सावित्री दुथडी भरून चालली होती. त्या अंधारात जुन्या पुलाचा मोठा भाग नदीत गेला. जयगडहून मुंबईकडे आणि राजापूरहून बोरिवलीकडे निघालेल्या दोन एस.टी. गाड्या व एक तवेरा मोटार पुरात नाहीशी झाली. पुलाजवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका माणसाच्या लक्षात आले की, पुलावर गेलेल्या गाड्यांचे दिवे पलीकडे निघत नाहीत. तो धावत रस्त्यावर आला आणि त्याने मागची वाहने अडवली. त्या रात्री त्याने किती जीव वाचवले याची मोजदाद होणे नाही.

पुढचे दिवस फार कठीण गेले. पाण्याला वेग एवढा की, नौदलाच्या पाणबुड्यांनाही तळाशी टिकता येईना. गढूळ पाण्यात दिसत काही नव्हते आणि सावित्रीत मगरी आहेत हे सर्वांना ठाऊक होते. गाड्यांचा माग काढण्यासाठी तीनशे किलो वजनाचा लोहचुंबक क्रेनने पाण्यात सोडण्यात आला. पहिल्या गाडीचा सांगाडा सापडायला आठवड्याहून अधिक काळ लागला. काही मृतदेह थेट समुद्रकिनाऱ्यावर, हरिहरेश्वर व आंजर्ल्यापर्यंत मिळाले. काही माणसे कधीच मिळाली नाहीत. सुमारे चाळीस जीव गेले.

शासनाने निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग नेमला. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि पूल वाहतुकीस योग्य ठरला होता, असेही शासनाकडून सांगण्यात आले. यात खोटेपणा नसेलही; पण पाहणी म्हणजे काय, हा मुद्दा उरतो. कठड्याजवळ उभे राहून रस्ता पाहणे निराळे आणि पाण्याखाली खांबाचा पाया पाहणे निराळे. पुराचे पाणी खांबाला अडले की ते त्याच्या बुडाशी भोवऱ्यासारखे फिरते आणि तळाची वाळू-गोटे खरवडून नेते. जगात नदीवरचे पूल पडण्याचे हे एक मोठे कारण आहे आणि पूर ओसरला की तोच खड्डा गाळाने पुन्हा भरतो, म्हणून उन्हाळ्यात दिसत नाही. नदीतून बेसुमार वाळू उपसली तर तळ आणखी खाली जातो. दगडांच्या सांध्यांत पिंपळ-उंबर रुजले की मुळे चुना फोडतात. सावित्रीच्या पुलावर अशी झाडे वाढलेली होती, हे छायाचित्रांत सर्वांनी पाहिले.

एक लोकप्रिय गोष्टही येथे तपासून घेऊ. कोणत्याही जुन्या पुलापाशी गेलात की कोणी तरी सांगतो, 'मुदत संपली म्हणून इंग्लंडहून पत्र आले होते.' या गोष्टीत आपल्याला एक छुपे समाधान मिळते, साहेब किती दक्ष आणि आपण किती बेफिकीर! पण १९४७ नंतर पुलाखाली उतरून पाहण्याचे काम आपले आहे. त्यासाठी साहेबाचे पत्र येवो न येवो, काय फरक पडतो?

शिवाय वयालाच दोष देणेही बरोबर नाही. याच महामार्गावर पणजीला मांडवीवरचा काँक्रीटचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याला पुरती वीस वर्षेही झालेली नव्हती. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्यातील पोलाद खाल्ले होते. सावित्रीचा दगडी पूल अठ्ठ्याऐंशी वर्षे उभा राहिला. प्रत्येक जातीच्या पुलाचा रोग वेगळा असतो आणि वैद्याला तो ओळखता आला पाहिजे.

नवा पूल मात्र झपाट्याने झाला. केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी १८० दिवसांची मुदत जाहीर केली होती; काम १६५ दिवसांतच पुरे झाले आणि ५ जून २०१७ रोजी, पावसाळ्याच्या तोंडावर, पूल खुला झाला. लांबी २३९ मीटर, रुंदी १६ मीटर, तीन पदरी, खर्च सुमारे पस्तीस कोटी सत्त्याहत्तर लाख रुपये. इंजिनियरांचे आणि कामगारांचे कौतुक केलेच पाहिजे. पण हा आकडा वाचताना मन थोडे खट्टूही होते. साडेपाच महिन्यांत जे होऊ शकते, त्याला चाळीस माणसे जाईपर्यंत वेळ का मिळाला नाही, याचे उत्तर या आकड्यात नाही.

नव्या पुलाची परीक्षा लवकरच झाली. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुन्हा बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली आणि तिकडे चिपळूणला वाशिष्ठीवरचा जुना पूल खचून महामार्ग तुटला. सावित्रीचा नवा पूल जागेवर उभा राहिला. त्याच्या शेजारी २००१ सालचा पूल आहे. महाडकर त्याला वर्षानुवर्षे 'नवा पूल' म्हणत आले. आज त्या ठिकाणी वयाने वडील तोच आहे.