माळ्यावरची शिराझ

परवा शनिवारी रात्री शीळफाट्याच्या नव्या घरात एक बाटली उघडली. ओकच्या पिंपात मुरलेली नाशिकची शिराझ. पहिल्या पगारातून घेतलेली, स्वतःच्या घरात उघडायची म्हणून सहा वर्षं भाड्याच्या घराच्या माळ्यावर जपलेली. वाइन जितकी जुनी तितकी भारी, हा आपला ठाम समज!

पण इतिहास बघा. शामराव चौगुल्यांनी नारायणगावात फ्रेंच पद्धतीची फसफसती वाइन काढली ती १९८०च्या दशकात. राजीव सामंतांची 'सुला' १९९९ची, तर राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१चं. म्हणजे आजोबांनी नातवासाठी राखलेली बाटली आपल्याकडे असणार कुठून? शिवाय फ्रेंचांकडे १२-१३ अंशांची तळघरं. आपल्याकडे मे महिन्यातला माळा!

व्हायचं तेच झालं. रंग विटकरी, तळाशी गाळ, फळाचा स्वाद गायब, वास शिजवलेल्या मनुकांचा. टॅनिनचा तुरटपणा मात्र छान मऊ झालेला. बाबा एक घोट घेऊन म्हणाले, "पहिल्या पगाराच्या दिवशीच उघडायची होतीस की रे." खरंय. बहुतेक वाइन लवकर प्यायलाच बनवतात. थांबायची हौस आपली.

असो. ग्लास मात्र दोघांनीही संपवला.