बदली गोलंदाज

माझे अब्बा शिंपी होते. इंग्रजी त्यांना दोन शब्दांपुरतंच येत होतं : 'नो रन'. धंदा कसा चाललाय असं कुणी विचारलं, की सुईत दोरा ओवता ओवता ते म्हणायचे, "नो रन!" पाऊस लांबला तरी तेच. माझ्या कवितांचं पाकीट संपादकांकडून 'साभार परत' आलं, की माझ्याकडे न बघता तेच. हे दोन शब्द त्यांना कुठं सापडले, ते मला फार उशिरा कळलं. आज ते सांगायचं आहे. ही हकीकत अब्बांची थोडी आहे, बापू नाडकर्णींची जास्त.

आमचं गाव रनाळे. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. ही गोष्ट १९६४ सालातली, तेव्हा आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. माझा जन्मही त्यानंतरचा. म्हणजे जे सांगतो आहे ते ऐकलेलं, आणि पुढे स्वतः ताडून पाहिलेलं. १२ जानेवारी, रविवार. रमजान आठवड्यावर आला होता, त्यामुळे अब्बांच्या मशीनला उसंत नव्हती. शेजारच्या ओट्यावर शाळेतले एक मास्तर बॅटरीवर चालणारा रेडिओ लावून बसलेले. मद्रासला भारत आणि इंग्लंड यांचा पहिला कसोटी सामना चालू होता, तिसरा दिवस. धावतं वर्णन इंग्रजीत, आणि गावात इंग्रजी समजणारे मास्तर एकटेच. लोक येता-जाता विचारायचे, "काय व्हयनं मास्तर?" मास्तर सांगायचे, "काहीच नाही." रेडिओतला माणूस म्हणायचा, "नो रन." पुन्हा "नो रन." अब्बा सांगायचे, दुपारभर मी बाह्या लावत होतो आणि कानावर एवढंच पडत होतं.

रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, म्हणजे बापू, त्या दुपारी डावखुरी फिरकी टाकत होते. समोर ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन. बापूंनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली. सलग १३१ चेंडूंवर धाव नाही. डावातलं त्यांचं पृथक्करण होतं ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. इथं जरा काटेकोर राहिलं पाहिजे. सलग निर्धाव षटकांचा विक्रम बापूंचा. पण सलग निर्धाव चेंडूंचा म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेचा ह्यू टेफिल्ड पुढे आहे, त्याचे १३७. तेव्हा तिकडे षटक आठ चेंडूंचं होतं.

आणि खरं सांगायचं तर त्या विक्रमाला समोरच्यांचाही हातभार होता. भारतानं ७ बाद ४५७ वर डाव सोडला होता. कुंदरन यांच्या १९२, मांजरेकरांच्या १०८. त्या दौऱ्यात इंग्लंडच्या खेळाडूंची पोटं बिघडलेली. पुढच्या मुंबई कसोटीत धडधाकट अकरा उभे करताना त्यांच्या नाकी नऊ आले. मद्रासला ते जिंकायला खेळतच नव्हते. सामना अनिर्णित राहिला, मालिकेतले पाचही सामने अनिर्णितच राहिले. तेव्हा कुणी म्हणेल, एकही बळी नाही, सामनाही जिंकला नाही, मग एवढं कौतुक कशाचं? हा प्रश्न मलाही बरीच वर्षं पडायचा.

उत्तर मिळालं ते अमेरिकेतल्या माझ्या भाच्याकडून, आणि तेही क्रिकेटचं नव्हे. त्याला तिथल्या बेसबॉलचा नाद लागला आहे. त्या खेळात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. पहिला पिचर थकला किंवा मार खाऊ लागला, की दुसऱ्याला बोलावतात. तो रिलीफ पिचर. आपल्याकडे गिरणीत 'बदली कामगार' असायचा ना, तसला. तो तास-दोन तास मैदानाच्या कडेला बसून असतो, त्या जागेला 'बुलपेन' म्हणतात, म्हणजे सरळ सरळ बैलांचा गोठा! बोलावणं आलं तर हात गरम करायचा, नाही आलं तर तसंच घरी. आला की बहुधा पेच पडलेलाच असतो. दुसऱ्यानं केलेला पसारा त्यानं आवरायचा. आवरला तर नाव पहिल्याचं, नाही आवरला तर बोल याला. यंदा डोक्यावर घेतलेला पुढच्या वर्षी खालच्या संघात. भाचा हे सांगत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे बापू उभे राहिले.

त्यांची सुरुवातच बदली म्हणून झाली. जन्म नाशिकचा, १९३३ सालचा. पुणे विद्यापीठाकडून, मग महाराष्ट्राकडून खेळले. डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीला न्यूझीलंडविरुद्ध विनू मांकड यांना विश्रांती दिली, म्हणून हा डावखुरा मुलगा संघात आला. बिचाऱ्याला मिळाली कोटलाची पाटा खेळपट्टी. सटक्लिफनं नाबाद २३० काढल्या. नाडकर्णींनी सामन्यात ५७ षटकं टाकली, बळी एकही नाही. फलंदाजीत मात्र नाबाद ६८. पण पुढच्या सामन्याला मांकड परतले आणि बापू बाहेर. मांकड परतले ते असे, की त्याच मालिकेत मद्रासला पंकज रॉयबरोबर त्यांनी ४१३ धावांची सलामी दिली. अशा माणसाची जागा कोण मागणार? मांकड शेवटचा कसोटी सामना १९५९ साली खेळले. तोवर बापूंचं येणं-जाणं चालू राहिलं.

म्हणतात, नाडकर्णी सरावाला खेळपट्टीवर एक नाणं ठेवायचे आणि तासन् तास त्याच्यावर चेंडू टाकायचे. ही अशी माणसं आमच्या धंद्यातही असतात. अब्बा नव्या पोराला आधी जुन्या कापडावर सरळ टीप मारायला बसवायचे, महिना महिना. पोरं कंटाळून पळून जायची.

१९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध कानपूरला बापूंनी ३२ षटकांत २३ धावा दिल्या, २४ निर्धाव. दिल्लीला ३४ षटकांत २४ धावा, पुन्हा २४ निर्धाव. तोवर दुसरा डावखुरा दारात उभा होता : सलीम दुराणी. १९६१-६२ ला दुराणींनी कलकत्ता आणि मद्रास इथं इंग्लंडला गुंडाळलं आणि आपण मालिका जिंकलो. देखणा माणूस, मागाल तेव्हा षटकार. गावात लोक अब्बांना गमतीनं म्हणायचे, "तुम्ही तर सलीमचेच असणार." गंमतच होती ती, पण दरवेळी व्हायची. अब्बा मान हलवायचे आणि म्हणायचे, "माझा माणूस बापू. सलीम मुशायरा आहे, बापू रोजची नमाज." मास्तरांना हे फार आवडायचं. मास्तर स्वतः मात्र दुराणींचे भक्त!

मद्रासनंतर महिनाभरात, फेब्रुवारी १९६४ मध्ये कानपूरला फॉलोऑन पडला. बापू डावखुरे फलंदाजही होते, हे आपण विसरतो. पहिल्या डावात नाबाद ५२, दुसऱ्यात नाबाद १२२. बाहेर कुणीच काढलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुन्हा मद्रास : ३१ धावांत ५ आणि ९१ धावांत ६. सामन्यात ११ बळी! धावा रोखणारा म्हणून ज्याला बाजूला सारायचे, त्यानं ऑस्ट्रेलियाला दोनदा कापलं. आपण तो सामना हरलो ही गोष्ट वेगळी.

माणूस इथं स्थिर व्हायला हवा होता. पण त्याच सुमाराला चंद्रशेखर, वेंकटराघवन आले, प्रसन्ना परतले, १९६६ च्या अखेरीस बिशनसिंग बेदी आला, तोही डावखुरा. १९६७ साली ही चौकडी इंग्लंडला गेली आणि बापू घरी राहिले. वय चौतिशीचं. सगळ्यांना वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. त्याच वर्षाअखेरच्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यासाठी पुन्हा बोलावणं आलं. ऑस्ट्रेलियात आपण चारही सामने हरलो. पण न्यूझीलंडमध्ये, फेब्रुवारी १९६८ मध्ये ड्युनेडिनला भारतानं परदेशातला पहिला कसोटी विजय मिळवला, आणि मग परदेशातली पहिली मालिकाही. त्यातल्या वेलिंग्टनच्या विजयात नाडकर्णींनी एका डावात ४३ धावांत ६ बळी घेतले. परत आले आणि निवृत्त झाले. बेदींना वाट मोकळी झाली. ४१ कसोटी, ८८ बळी, १४१४ धावा. षटकामागे दिलेल्या धावा दोनपेक्षाही कमी, १.६७.

आता तो उत्तराचा भाग. अमेरिकेत रिलीफ पिचरचं काम कुठल्या रकान्यात लिहायचं हाच प्रश्न होता. सामना जिंकून देणारा म्हणून नाव दुसऱ्याचं लागायचं. शिकागोच्या जेरोम होल्ट्झमन नावाच्या क्रीडा पत्रकारानं १९६० च्या सुमारास एक हिशेब सुचवला, 'सेव्ह' म्हणजे राखलेला सामना. आघाडी हातात असताना येऊन ती शेवटपर्यंत सांभाळली, की एक 'सेव्ह'. १९६९ पासून तो तिथल्या मोठ्या संघांच्या अधिकृत नोंदीत गेला. बापू निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी! आपल्या क्रिकेटच्या वहीत असला रकाना आजही नाही. फार तर 'निर्धाव' असा एक आकडा असतो, आणि तो कुणी वाचत नाही. दुसऱ्या टोकाला कुणाला बळी मिळाले आणि या टोकाला किती चेंडू कोरडे गेले, यांचा एकमेकांशी काय संबंध, हे गुणपत्रक सांगत नाही.

बोलावणंच आलं नाही, असेही आहेत. मुंबईचे पद्माकर शिवलकर. पुन्हा डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीत ५८९ बळी. १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. तमिळनाडू ८० आणि ६१ वर गारद. बेदी होते म्हणून शिवलकर एकही कसोटी खेळले नाहीत. गायचे छान. सुनील गावसकरांनी आपल्या आदर्श खेळाडूंवरच्या पुस्तकात त्यांना जागा दिली. मार्च २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्यापुढे बापू भाग्यवानच म्हणायचे, निदान गोठ्यातून बाहेर तरी काढलं जायचं!

मलाही हा विषय का भावला, ते लपवत नाही. तीसेक वर्षांपूर्वी एका शहरातल्या कविसंमेलनाला एक नामवंत कवी ऐनवेळी आले नाहीत. श्रोत्यांत बसलेल्या मला उभं केलं. दोन कविता वाचल्या, तिसरी वाचा म्हणाले. पुढच्या वर्षी ते कवी आले आणि मला पत्रिका आली ती श्रोता म्हणून. राग आला नाही असं म्हणणार नाही. घरी येऊन अब्बांना सांगितलं, तर त्यांनी मशीन थांबवलं नाही. एवढंच विचारलं, "तिसरी कोणती वाचलीस?" मी सांगितली. म्हणाले, "तिच्यात दोन ओळी ढिल्या आहेत." त्या रात्री मी त्या ओळी उसवल्या.

गावसकरांनी एक आठवण सांगितली आहे. नाडकर्णी पुढे संघाबरोबर सहायक व्यवस्थापक म्हणून जायचे, तेव्हा खेळाडूंना त्यांचं पालुपद असायचं, 'छोडो मत'.

१७ जानेवारी २०२० ला बापू गेले. दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन मी अब्बांकडे गेलो. ऐंशीला टेकले होते, नजर अधू झालेली, पण काज करायची सवय सुटली नव्हती. मी वाचून दाखवू लागलो, "३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा..." मग जरा थांबलो. बळी शून्य हे म्हातारपणी त्यांना कशाला ऐकवायचं, असं वाटलं. छपन्न वर्षं उराशी धरलेली दुपार होती ती.

"शून्य," अब्बाच म्हणाले. "माहीत आहे मला. मास्तरांनी तेव्हाच सांगितलं होतं." मग सुई कापडात खोचून ठेवत म्हणाले, "पण दुसऱ्या बाजूला आपला पुण्याचा बोर्डे होता ना? त्याला किती मिळाल्या, ते वाच."

मी शोधलं. पेपरात ते दिलेलंच नव्हतं. घरी येऊन जुनं गुणपत्रक पाहिलं. चंदू बोर्डे, ८८ धावांत पाच.