भूगोल आणि मुलांची शारीरिक क्षमता (वाशीम जिल्हा)

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा बव्हंशी ग्रामीण आहे. मालेगाव, मानोरा भागातील चढउताराच्या वाटा आणि शेतातली कामे यांतून मुलांचे पाय व दम घडतात. उन्हाळ्यात मात्र पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि खेळ सकाळ-संध्याकाळपुरता उरतो; त्यातही अंधार पडू लागला की मुलींना आधी घरी परतावे लागते. पावसाळ्यात काळ्या मातीचे मैदान चिखलाने बंद पडते, म्हणून मुरूम टाकलेले, निचऱ्याचे मैदान येथे चैन नव्हे, गरज आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. कबड्डी, खो-खो यांतून थोड्या जागेतही ती साधता येते.