एका पानाचा फॉर्म

औषधचाचण्यांचे फॉर्म भरून घेणं हे माझं काम. एकेका रुग्णामागे जाडजूड बाड साचतं आणि त्यातले कितीतरी रकाने पुढे कुणी वाचतही नाही. म्हणून आयसिस-२ या औषधचाचणीचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो.

हार्ट अटॅकमध्ये स्ट्रेप्टोकायनेज हे औषध आणि साधी अ‍ॅस्पिरिन जीव वाचवतात का, हा प्रश्न होता. फायदा माफक असेल तर तो सिद्ध करायला हजारो रुग्ण लागणार. एका रुग्णालयाच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. ऑक्सफर्डच्या रिचर्ड पेटो, रोरी कॉलिन्स, पीटर स्लाइट या मंडळींनी रात्रपाळीच्या डॉक्टरचा विचार केला आणि त्याचं कामच कमी केलं. फोनवर नोंदणी करायची, चिठ्ठी पडेल ते औषध द्यायचं आणि रुग्ण घरी जाताना एकपानी फॉर्म भरायचा. बस्स! १९८५ ते १९८७मध्ये १६ देशांतल्या ४१७ रुग्णालयांतून १७,१८७ रुग्ण जमले.

पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने, दोन्ही औषधं मिळालेल्यांतले ८ टक्के दगावले, एकही न मिळालेल्यांतले १३.२ टक्के. हा निकाल मांडणाऱ्या १९८८च्या निबंधात रुग्णांची राशीनिहाय विभागणीही आहे: मिथुन आणि तूळवाल्यांना अ‍ॅस्पिरिन लागू पडली नाही म्हणे! छोटे गट पाडले की योगायोगही निष्कर्षासारखा दिसतो, हे त्यांना दाखवायचं होतं. मला तो धडा निकालाइतकाच मोठा वाटतो.

कोविडमध्ये ऑक्सफर्डचीच रिकव्हरी चाचणी अशाच सुटसुटीतपणे चालली. मार्च २०२०मध्ये पहिला रुग्ण नोंदला गेला आणि १६ जूनला डेक्सामेथासोन या औषधाचा निकाल जाहीर झाला.