पडद्यावरची नजर कोणाची?

१/६ १९७५ साली ‘स्क्रीन’ या ब्रिटिश नियतकालिकात लॉरा मल्व्ही यांचा ‘व्हिज्युअल प्लेझर अँड नॅरेटिव्ह सिनेमा’ हा निबंध प्रसिद्ध झाला. चित्रपट पाहण्याच्या सुखात सत्ता कशी दडलेली असते, हा त्याचा विषय. त्यातून उभ्या राहिलेल्या वादाचा हा मागोवा.

२/६ मल्व्ही यांच्या मते चित्रपटात तीन नजरा असतात : कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पात्रांची. हॉलिवूडचा अभिजात चित्रपट पहिल्या दोन लपवतो. उरते ती नायकाची नजर. तो पाहणारा, स्त्री पाहिली जाणारी.

३/६ हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’मध्ये (१९५८) नायक एका स्त्रीला कपडे, केसांचा रंग, केशरचना सारे बदलायला लावतो. त्याला ती नको असते. स्वतःच्या मनातली प्रतिमा हवी असते.

४/६ मग प्रेक्षागृहातल्या स्त्रीचे काय? १९८१ मध्ये मल्व्ही स्वतःच या प्रश्नाकडे वळल्या : ती पुरुषी नजर उसनी घेते, पण त्या वेशात अस्वस्थ असते. १९८२ मध्ये मेरी ॲन डोन यांनी स्त्रीत्वाकडे मुखवटा म्हणून पाहिले. मुखवटा म्हटला, की प्रतिमेपासून अंतर राखता येते.

५/६ १९९२ मध्ये बेल हुक्स यांनी या मांडणीतली उणीव दाखवली. सिद्धान्तातली ‘स्त्री’ प्रत्यक्षात गोरी स्त्री होती. अमेरिकेत गुलामांना नजर वर करण्याबद्दलही शिक्षा होई. म्हणूनच कृष्णवर्णीय स्त्रीचे पाहणे हाच प्रतिकार ठरतो.

६/६ मल्व्ही यांना ते सुख मोडायचे होते. हुक्स यांना चिकित्सक पाहण्यातच नवे सुख सापडले. स्त्रीच्या इच्छेला पडद्यावर जागा कोणती, हा प्रश्न मात्र दोघींचाही होता.