सवालाला जवाब

कवितेला गुण द्यावेत की नाहीत, हा वाद अंधेरी-वर्सोव्यापासून खारपर्यंतच्या कॅफेंमध्ये गेली दहा-बारा वर्षे चालू आहे. स्लॅम पोएट्री या नावाने ओळखली जाणारी काव्यस्पर्धा मुंबईत आली, तिच्यासोबत हा वादही आला. स्पर्धेचे मूळ शिकागोतले. बांधकामावर काम करणाऱ्या मार्क स्मिथ नावाच्या कवीने १९८६ साली ग्रीन मिल या क्लबात ती नियमितपणे सुरू केली. श्रोत्यांतूनच पाच परीक्षक उचलायचे, त्यांनी शून्य ते दहा गुण द्यायचे, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा सोडून उरलेल्या तिघांची बेरीज करायची. कवीला तीन मिनिटे, आणि हातात वाद्य नाही, अंगावर सोंग नाही. १९९० साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि हेच नियम थोड्याफार फरकाने जगभर गेले. मुंबईतल्या तरुण कवींत त्यावरून दोन तट आहेत. एका तटाचे म्हणणे असे, की आकड्यांमुळे टाळ्या घेणारी कविता पुढे जाते आणि हळू बोलणारी मागे पडते. दुसरा तट म्हणतो, स्पर्धा नसेल तर अनोळखी माणूस कवितेला येऊन बसणारच नाही. दोन्ही बाजू मनापासून बोलतात. पण कवितेची स्पर्धा ही या शहराला बाहेरून मिळालेली नवी वस्तू आहे, हे दोन्ही बाजू गृहीत धरतात. बोरिवली, मुलुंड, भांडुप, घाटकोपर या उपनगरांचा इतिहास पाहिला तर हे गृहीतक टिकत नाही, आणि ते सुटले की मूळ वादाचा रोखही बदलतो.

या उपनगरांत स्पर्धेच्या कवितेचे सर्वांत जुने चालते रूप म्हणजे कोकणचा शक्ती-तुरा. त्याचे मूळ कलगी-तुऱ्यात आहे. तुकनगीर आणि शाह अली या दोन फकीर-गोसाव्यांना चंदेरीच्या राजाने तुरा आणि कलगी बहाल केली, अशी दंतकथा माळव्या-राजस्थानापर्यंत सांगितली जाते. दंतकथा बाजूला ठेवली तरी वादाचे स्वरूप स्पष्ट आहे: तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानतात, कलगीवाले शक्तीला. पुरुष आधी की प्रकृती, निर्गुण थोर की सगुण, असे तत्त्वज्ञानाचे प्रश्न लावणीत बांधून प्रतिपक्षासमोर टाकायचे आणि त्याने त्याच रात्री, शक्यतो त्याच चालीवर, उत्तर द्यायचे. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे याला भेदिक शाहिरी म्हणतात. उत्तर न आलेल्या शाहिराचा डफ किंवा तुरा हिरावून घेतल्याच्या आठवणी गावोगाव सांगितल्या जातात. पेशवाईच्या उत्तरकाळात फडांमधली ही चढाओढ ऐन भरात होती. जातीने गवळी असलेला होनाजी आणि त्याचा साथीदार बाळा शिंपी एकीकडे, तर जेजुरीचा मुसलमान शिकलगार सगनभाऊ दुसरीकडे, असे हे तोलामोलाचे प्रतिस्पर्धी होते. कोकणात हीच परंपरा जाखडी नाचाशी जोडली गेली. मध्ये ढोलकी-झांज घेऊन शाहीर आणि त्याचे साथीदार, भोवती एका पायात चाळ बांधून फेर धरणारे नाचे, आणि गौरी-गणपतीत गण, गवळण, साकी आणि मग सवाल-जवाब असा रात्रभराचा क्रम.

रत्नागिरी आणि रायगडचे कुणबी, आगरी शेतकरी मुंबईला घरगडी, हमाल, गिरणी कामगार म्हणून आले आणि हा खेळ सोबत घेऊन आले. गावकीच्या खोल्यांतून एकेका गावचे पुरुष दाटीवाटीने राहत; त्याच खोल्यांतून गावची मुंबईकर मंडळे उभी राहिली. शक्ती-तुऱ्याला शहरात टिकवले ते या मंडळांनी, आणि त्यामागे कलेच्या प्रेमाइतकाच व्यवहार होता. गावी शाळेची खोली बांधायची, देवळाचा जीर्णोद्धार करायचा, पाण्याची टाकी हवी, तर मुंबईत एक सामना लावायचा, तिकिटे आणि देणगी पत्रके गाववाल्यांत खपवायची आणि शिल्लक गावी पाठवायची. परळचे दामोदर हॉल हे या खेळांचे आणि नमन या कोकणी लोकनाट्याचे जणू माहेर होते. पण १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचे घर हलवले. गिरणगावातली कुटुंबे एकेक करून भांडुप, मुलुंड, बोरिवली, दहिसर आणि पुढे नालासोपारा-विरारकडे सरकली, आणि सामनेही त्यांच्या मागून निघाले. पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे कालिदास या नाट्यगृहांचे अधलेमधले प्रयोग असे भरू लागले. मध्यमवर्गीय नाट्यरसिकाला याची फारशी खबर नसते, कारण या खेळांची जाहिरात नाट्यपानापेक्षा गाववाल्यांच्या तोंडी अधिक फिरते. सिंधुदुर्गाकडच्या माणसांनी याच काळात डबलबारी उपनगरात रुजवली. दोन भजनी बुवा, दोन पखवाज, एकाने बारी करायची आणि दुसऱ्याने तिच्यावर चढ बारी करून उत्तर द्यायचे. मालवणी जत्रोत्सवांच्या मैदानांत तिला होणारी गर्दी पाहिली, की काव्य ऐकायला माणसे येत नाहीत हे वाक्य कुठल्या मुंबईबद्दल बोलले जाते, असा प्रश्न पडतो.

आता गुणांचा मुद्दा. स्लॅममध्ये कवी आपली तीन मिनिटांची कविता पाठ करून येतो, ती म्हणतो, आकडे ऐकतो आणि खाली उतरतो. त्याच्या आधीचा कवी काय म्हणाला, याच्याशी त्याच्या कवितेचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. दोन कवींमध्ये दुवा आहे तो परीक्षकाच्या पाटीवरचा आकडा. शक्ती-तुऱ्यात आणि डबलबारीत नेमके उलटे आहे. तिथे पुष्कळदा परीक्षक नसतो, पण समोरच्याला उत्तर देणे मात्र भाग असते. शक्तीवाल्याने, म्हणजे कलगीच्या पक्षाने, रामायणातला एखादा आडवळणाचा प्रसंग विचारला तर तुरेवाल्याला तो माहीत असावा लागतो. म्हणजे आपल्या पक्षाचे शास्त्र जितके पाठ, तितकेच प्रतिपक्षाचेही. शाहीर घडतो तो गुरूच्या हाताखाली, जुन्या वह्या उतरवून आणि विरुद्ध पक्षाचे सवाल कान देऊन ऐकून. माझा मुद्दा हा, की गुण असणे-नसणे ही दुय्यम गोष्ट आहे. कवितेची स्पर्धा समाज घडवते की फक्त विजेता ठरवते, हे अवलंबून असते ते एका कवीवर दुसऱ्याला उत्तर देण्याचे बंधन आहे का, यावर. जाहिरातीचा फलकच याची साक्ष देतो. त्यावर शक्तीवाले शाहीर अमुक विरुद्ध तुरेवाले शाहीर तमुक अशी दोन्ही नावे, गाव-तालुक्यासह, सारख्याच मोठ्या अक्षरांत असतात. एकट्याचा सामना लागतच नाही. प्रतिस्पर्धी आजारी पडला तर खेळ बुडतो, म्हणून त्याचे कुशल तुमच्या पोटापाण्याशी जोडलेले असते. आणि पहाटे खेळ संपल्यावर निकाल जाहीर होत नसेल, तर तो श्रोत्यांसोबत लोकलमध्ये चढतो, कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत लढवला जातो आणि पुढच्या सामन्याची मागणी त्यातूनच तयार होते.

यावर पहिला आक्षेप शक्ती-तुऱ्याच्या आतूनच येतो. जुने शाहीर आणि जाणते रसिक वर्षानुवर्षे तक्रार करतात, की पुराणातले सवाल मागे पडले आणि वैयक्तिक टीका पुढे आली. भेदाची जागा द्व्यर्थी टोमण्यांनी घेतली. पारंपरिक चालींवर सिनेमाच्या चाली चढल्या. डबलबारीबद्दलही हेच ऐकू येते: अभंग ओझरता, आणि समोरच्या बुवाच्या पोटावर, आवाजावर, गावावर मात्र अर्धा तास. ही तक्रार खरी आहे आणि ती हसण्यावारी नेता येत नाही. उत्तर देण्याची सक्ती असली की उत्तराचा दर्जा आपोआप राखला जातो, असे मुळीच नाही. पण तक्रार करणारे काय मागतात ते पाहावे. सामना बंद करा, असे ते म्हणत नाहीत. सवाल शास्त्राला धरून असावा आणि जवाब सवालाला धरून असावा, एवढेच त्यांचे मागणे. समोरच्याच्या पोटावर गाणारा बुवा अशा श्रोत्यांच्या लेखी जिंकलेला नसतो, कारण त्याने विचारलेल्या गोष्टीला बगल दिलेली असते. म्हणजे परंपरेजवळ स्वतःचे दोष मोजण्याचे माप आहे, आणि ते माप आकड्यांचे नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. शक्ती आणि तुरा हे दोन पक्ष असले तरी दोन्हींकडची माणसे बहुधा एकाच समाजाची, त्याच दोन-तीन तालुक्यांतली. असा वाद घरातल्या घरातला. समाज घडवतो म्हणजे आधीच बांधलेला समाज आणखी घट्ट करतो. जातीच्या भिंतीपलीकडचा सवाल या रिंगणात शिरत नव्हता, हे मान्य केले पाहिजे. तो शिरला तो दुसऱ्या मंचांवर. सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साचा घेऊन गण-गवळणीचा आशय पालटला आणि भटजीला उलटतपासणीला उभे केले. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तेच हत्यार अधिक धारदार केले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरात राहत. झोपडपट्टीतल्या त्या घरातून लिहिणाऱ्या माणसाला सवाल-जवाबाची ताकद पुरेपूर ठाऊक होती. त्यांच्या ‘माझी मुंबई’ या लोकनाट्याचा कणाच मुंबई कुणाची हा सवाल आहे. कोकणी शेतकऱ्याचा वाद शिव-शक्तीचा होता, इथे तो कामगार आणि शेठजीचा झाला. पण दोन बाजू समोरासमोर उभ्या करून एकीला दुसरीचे म्हणणे पुरते ऐकायला लावण्याची रीत तीच राहिली.

त्याच घाटकोपरात आणि मुलुंडात, बौद्ध वस्त्यांमध्ये, आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने कव्वालीचे सामने रात्र-रात्र चालत. दोन पार्ट्या, दोन मंच किंवा एकाच मंचाच्या दोन बाजू, आणि भीमगीताला भीमगीताने उत्तर. श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप या पिढीचे गळे अशाच वातावरणात तयार झाले. इथे दोन्ही बाजूंचे दैवत एकच, त्यामुळे चढाओढ होती ती कोण अधिक नेमके सांगतो याची. या वस्त्यांतल्या कवीला खरा प्रतिपक्ष मंचावर भेटतच नव्हता, ही गोष्ट ११ जुलै १९९७ ला उघडी पडली. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. चार दिवसांनी मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत जीव दिला. आयुष्यभर त्यांनी जिला सवाल केला ती सत्ता जवाब देणाऱ्या शाहिराच्या जागी कधी येऊन बसली नाही. सवाल-जवाबाची ही मर्यादा मला फार मोठी वाटते. समोरचा ऐकायला बांधलेला असेल तरच हा प्रकार चालतो.

स्लॅमची बाजू इथे खरोखर भक्कम आहे, आणि ती आकड्यांमुळेच भक्कम आहे. श्रोत्यांतून उचललेले पाच अनोळखी परीक्षक कवीचे गाव, घराणे, गुरू विचारत नाहीत. शक्ती-तुऱ्याचे आणि डबलबारीचे मंच पिढ्यान् पिढ्या पुरुषांचे होते. महिला शाहीर आणि महिला बुवा तिथे दिसू लागल्या त्या अलीकडे, आणि त्यांना ती जागा झगडून घ्यावी लागली. स्लॅमच्या मंचावर मुली पहिल्या दिवसापासून आहेत, आणि घरात जे बोलता येत नाही ते तिथे बोलतात. एखाद्या मुलीने स्वतःवरच्या अत्याचाराची कविता म्हटल्यावर पुढच्या कवीने तिला जवाब द्यावा, अशी अपेक्षा करणेही क्रूर ठरेल. पण मग तिला साडेआठ गुण देणे हेही तितकेच अवघड आहे, आणि स्लॅमच्या कवींमधला अस्वस्थ वाद बहुतेक वेळा याच ठिकाणी येऊन अडतो. साक्ष देणारी कविता आणि वाद घालणारी कविता यांना एकाच नियमात बसवल्याचा हा परिणाम आहे. साक्षीला श्रोता पुरतो. वादाला प्रतिस्पर्धी लागतो. अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरात वाढलेला डिवाइन आणि कुर्ल्याचा नेझी यांच्या पिढीने २०१५ च्या आसपास मुंबईच्या बोलीतल्या गल्ली रॅपला जो जोर आणला, त्यातल्या बॅटलमध्ये हा प्रतिस्पर्धी परत आला: समोरच्याची ओळ ऐकायची आणि तिच्यावर तिथल्या तिथे ओळ रचायची. त्यातली शिवीगाळ पाहून नाके मुरडणाऱ्यांनी डबलबारीवरची जुनी तक्रार एकदा आठवावी.

दरम्यान उलट दिशेनेही देवाणघेवाण चालू आहे. शक्ती-तुऱ्याच्या काही आयोजकांनी गेल्या काही वर्षांत चषक, ढाली आणि परीक्षकांचे टेबल आणले. गुणपत्रिकेत वेशभूषा, ताल, आवाज, विषय यांचे रकाने असतात. नाचे त्यामुळे अधिक घोटून येतात, पोशाख झगमगीत झाले, वेळ पाळली जाते, आणि नव्या मंडळांना नाव मिळवायला वाव मिळतो. यातले काहीच वाईट नाही. पण सवाल टाकताना शाहिराचे तोंड आता समोरच्या शाहिराकडे कमी आणि टेबलाकडे अधिक वळते. ठरलेल्या मिनिटांत बारी संपवायची असल्यामुळे जवाब आधीच बांधून आणलेला असतो, सवाल कोणताही येवो. ज्या मंडळांना गावच्या कामासाठी सामना लावायचा असतो, त्यांनी अजून तरी रात्रभराचा, टेबल नसलेला सामना सोडलेला नाही, कारण तिकीट घेणारा गाववाला दोघांची जुंपलेली पाहायला येतो. बोरिवली-मुलुंडच्या नाट्यगृहांत एका वेळच्या प्रयोगाच्या भाड्यात पहाटेपर्यंतचा खेळ मावत नाही, ही त्या मंडळांची आजची खरी अडचण आहे.