गतकुळाचे शेत

शेजारी निवर्तला. मुले परदेशी आहेत, किंवा मुलेच नाहीत. शेतसारा कित्येक वर्षे भरलेला नाही, आणि आपल्या बांधाला लागून असलेली ती वाडी आता गवताने भरली आहे. ती आपण विकत घ्यावी काय, असा प्रश्न घेऊन धर्मग्रामातील कुटुंबे आमच्याकडे अधूनमधून येत असतात. कायद्याचे उत्तर वकिलाने द्यावे हे उत्तम. परंतु हा प्रश्न आपल्या मुलखात फार जुना आहे, आणि त्याची उत्तरे काळागणिक कशी पालटत गेली हे पाहिले, तर आजचा प्रश्नही काहीसा वेगळा दिसू लागतो, असा आमचा अनुभव आहे.

मराठेशाहीत देशावरच्या गावांतील जमीन 'थळां'मध्ये विभागलेली असे, आणि प्रत्येक थळाला ते मूळ कसणाऱ्या कुळाचे नाव असे. वंशपरंपरेने जमीन धारण करणारा तो मिरासदार किंवा थळकरी. बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. ठाणे-वसईच्या बाजूला मिरासीशी मिळत्याजुळत्या वतनी जमिनीला 'सुती' म्हणत. एखाद्या मिरासदाराचा वंश खुंटला की त्याची जमीन 'गतकुळी' होई. कर्नल साइक्स हा इंग्रज अधिकारी १८२४ नंतर मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची पाहणी करीत हिंडत होता. गावोगावच्या थळझाड्यांत, म्हणजे थळांच्या यादीत, केव्हाच नामशेष झालेल्या घराण्यांची नावे शेतांना तशीच चिकटलेली त्याला आढळली. माणूस गेला, वंश गेला, कसणारा बदलला, पण शेत मात्र मयताच्याच नावाने ओळखले जाई.

या नावाला जोडलेली एक जबाबदारीही होती. एका मूळपुरुषाच्या भाऊबंदांचा मिळून 'जथा' होई आणि त्या जथ्यावरील सरकारदेणे सर्वांनी मिळून फेडायचे असे. एक भाऊबंद मेला, परागंदा झाला किंवा नादार झाला, तर त्याच्या वाट्याचा सारा उरलेल्यांच्या माथी येई. आर. एन. गुडाइन याने दख्खनच्या गावगाड्यावर लिहिलेला अहवाल १८५२ साली छापला गेला, त्यात या व्यवस्थेचे तपशिलाने वर्णन आहे. मयताला वारस नसेल तर त्याची जमीन जथ्यातील इतरांकडे जाई, आणि कोणाला आपला वाटा विकायचा झाल्यास प्रथम भाऊबंदांना विचारावे लागे. ज्याने थकलेला सारा भरायचा, त्याचाच जमिनीवर पहिला हक्क, असा तो सरळ हिशेब होता. जथाच उरला नाही तर पाटील व गावकरी मिळून ती गतकुळी जमीन दुसऱ्याला देत आणि त्याचे मिरासपत्र साक्षीदारांसमक्ष लिहून होई. शेजाऱ्याचे शेत गुपचूप घेता येत नसे.

येथे आम्हाला रूथच्या पुस्तकातील चौथा अध्याय आठवल्याखेरीज राहत नाही. मयत अलीमलेखाचे शेत सोडवून घ्यायला त्याचा जवळचा नातलग वेशीवर मोठ्या आनंदाने तयार होतो. पण त्या शेताबरोबर रूथचाही स्वीकार करून मयताचे नाव त्याच्या वतनात राखावे लागेल, असे बवाज दहा वडीलधाऱ्यांसमक्ष सांगतो, तेव्हा तो गृहस्थ पायातली वहाण काढून मोकळा होतो. शेत हवे, पण मेलेल्या माणसाचे ओझे नको! हा गृहस्थ आम्हाला पुढच्या इतिहासात वारंवार भेटतो.

पेशवाई १८१८ साली बुडाली. नव्या राज्यकर्त्यांना जथा, मिरासी आणि गतकुळी यांचा गुंता नकोसा होता. पुण्याकडे प्रिंगल साहेबाने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के आकार घेण्याची पद्धत आणली. ती इतकी जाचक आणि तिची मोजणी इतकी सदोष ठरली की शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नवी मोजणी केली. जमिनीचा कस पाहून आकार ठरवायचा, तो ३० वर्षे कायम ठेवायचा, प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर द्यायचा आणि त्या नंबरापुढे एका खातेदाराचे नाव घालायचे. त्या नावाच्या माणसाने सारा भरावा. भरील तोवर जमीन त्याची. नको असल्यास त्याने 'राजीनामा' द्यावा, दुसऱ्याने 'कबुलायत' लिहून घ्यावी. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत सर्व इलाख्यासाठी कायम केली.

या सुधारणेला आम्ही नावे ठेवणार नाही. भावाच्या आळसाचा भार भावाच्या डोक्यावरून उतरला, आकार पुष्कळ ठिकाणी हलका झाला आणि कष्टाळू माणसाला आपल्या घामाचे फळ मिळू लागले. पण त्याचबरोबर दुसरेही काही घडले. शेजाऱ्याचा सारा भरण्याचे कर्तव्य संपले, आणि त्याच्या शेताशी शेजाऱ्याचे नाते उरले ते केवळ संभाव्य गिऱ्हाइकाचे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने थकबाकीसाठी जमीन सरकारजमा करण्याचा अधिकार कलेक्टरला दिला. अशी जमीन पुढे विकली गेली तर मूळ खातेदाराने तिच्यावर चढवलेले गहाण वगैरे बोजे गळून पडत. जमिनीत हितसंबंध असलेल्या दुसऱ्या कोणालाही खातेदाराच्या वतीने सारा भरून जप्ती टाळण्याची मुभाही त्याच कायद्यात होती. ही मुभा बहुतेक वापरली कोणी? सावकाराने! गहाण बुडू नये म्हणून तो सारा भरी, आणि ती रक्कम कुळाच्या खात्यावर व्याजासह चढे. विंगेट साहेबालाच १८५२ साली सावकारांच्या वाढत्या बळाची चिंता वाटू लागली होती. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर धाव घेतली आणि त्यांचे रोखे जाळले, ते याच वाटेने.

१८९९-१९०० च्या दुष्काळानंतर थकबाकीचा डोंगर झाला. तेव्हा सरकारने १९०१ साली कायद्यात दुरुस्ती केली. थकबाकीत जप्त झालेली जमीन पुन्हा देताना ती विकता वा गहाण टाकता येणार नाही, अशी अट घालण्याची त्यात सोय होती. शेतकऱ्याचे सावकारापासून रक्षण व्हावे, असे सरकार म्हणत होते. शेतकऱ्याची पत जाईल आणि त्याची मालकीच सरकारच्या खिशात पडेल, असे फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले म्हणत होते. विधेयक रेटले जात आहे असे दिसताच मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी कौन्सिलातून उठून गेले. दोन्ही बाजूंत तथ्य होते, असे आज म्हणावे लागते. त्या दुरुस्तीतली 'नवी शर्त' सातबारावर आजही कित्येकांना भेटते, आणि तिची परवानगी न काढता झालेले व्यवहार पुढे कोर्टात कोसळतात.

शेजारी म्हणजे गिऱ्हाईक, हे समीकरण एकदा मात्र उघडपणे नाकारले गेले. सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुका तेव्हा मुंबई इलाख्यातच होता आणि त्यालाही १८७९ चाच कायदा लागू होता. तेथे आकारात सुमारे २२ टक्के वाढ झाली. फेब्रुवारी १९२८ मध्ये वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा न भरण्याचे ठरवले. सरकारने म्हशी आणि भांडी जप्त केली, जमिनी खालसा केल्या, लिलाव पुकारले. पण तालुक्यात बोली बोलायला माणूस मिळेना. बांधाला लागलेली काळी कसदार जमीन मातीमोल किमतीने मिळत असताना ती नाकारायची, यासाठी केवढे मनोबल लागले असेल! काही जमिनी बाहेरच्यांनी घेतल्या. ऑगस्टमध्ये समेट झाला, जमिनी परत मिळाल्या आणि ब्रूमफिल्ड व मॅक्सवेल यांच्या चौकशीत वाजवी वाढ अवघी ६.०३ टक्के ठरली. १९३० नंतरच्या कायदेभंगात गुजरातेत पुन्हा जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या, आणि या वेळी खरेदीदार त्या सहजासहजी सोडीनात. १९३७ साली बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, मोरारजी देसाई महसूलमंत्री झाले, आणि १९३८ साली जप्त जमिनी मूळ मालकांना परत देण्यासाठी स्वतंत्र कायदाच करावा लागला. लिलावाची पावती हातात असली म्हणजे प्रश्न मिटतो असे नाही, हे त्या खरेदीदारांना दहा वर्षांच्या आतच कळून चुकले.

आजचा कायदा १९६६ चा. सारा हा जमिनीवरचा पहिला बोजा होय, म्हणून थकबाकी मालकाबरोबर मरत नाही. ती जमिनीबरोबर खरेदीदाराकडे येते. खातेदार मृत्युपत्र न करता वारला आणि वारस ठाऊक नसला, तर कलेक्टर जमीन ताब्यात घेतो, वर्षावर्षाच्या कराराने ती लावतो आणि हक्क सांगणाऱ्याची तीन वर्षे वाट पाहतो, विक्री त्यानंतर. थकबाकीच्या लिलावात बोलीच न आल्यास सरकार नाममात्र बोलीने जमीन घेते. याच त्या 'आकारीपड' जमिनी. बारा वर्षांच्या आत थकबाकी आणि व्याज भरून त्या परत मिळत. पुढे मात्र दार बंद होई. ते दार मूळ शेतकऱ्यांना व त्यांच्या वारसांना बाजारमूल्याच्या ठरावीक टक्क्यांवर पुन्हा उघडण्याचा निर्णय राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये घेतला.

मयत शेजाऱ्याचा सारा आपण इतकी वर्षे भरला, पावत्या जपून ठेवल्या, म्हणून शेत आपले, असे मानणारे भाबडे आणि चतुर असे दोन्ही प्रकारचे लोक आम्ही पाहिले आहेत. साऱ्याची पावती म्हणजे मालकी नव्हे, आणि फेरफार म्हणजेही मालकी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने हे पुनःपुन्हा सांगितले आहे. शेजारी आदिवासी असेल तर १९७४ च्या दुरुस्तीनुसार कलेक्टरच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासीच्या नावे व्यवहार होऊच शकत नाही. वसईच्या पूर्वपट्टीत जमीन पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

उरतो तो वारसांचा प्रश्न, आणि आपल्या समाजापुरता तोच सर्वांत नाजूक आहे. मृत्युपत्र नसलेल्या ख्रिस्ती माणसाची मिळकत १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे विभागली जाते. मुले असतील तर विधवेला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलगे आणि मुली यांना सारखे. मुलगी लग्न होऊन कोणत्या गावी गेली, याला तेथे किंमत नाही. तरीही आपल्या घरांतून जमिनीची बोलणी थोरल्या मुलाशी होतात, इसार त्याच्याच हाती पडतो, आणि नंदाखालला किंवा नाळ्याला दिलेल्या आत्याची सही राहून जाते. वीस वर्षांनी आत्याचा नातू दारात उभा राहिला की त्याला लोभी म्हणायला आपण मोकळे!

तलाठ्याच्या 'गाव नमुना ६ क' या वारस नोंदवहीत जी नावे सापडत नाहीत, ती कित्येकदा चर्चच्या कपाटात सापडतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांची नावे असतात, विवाहाच्या नोंदीत मुलगी कोणत्या धर्मग्रामात गेली ते असते, दफनाच्या नोंदीत मृत्यूची तारीख असते. २०२५ साली सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली आणि मयत खातेदारांची नावे उतरवून वारसांची नावे चढवण्याचे काम गावोगाव सुरू झाले. शेजाऱ्याची वाडी घेऊ इच्छिणाऱ्याने इसाराची रक्कम मोजण्यापूर्वी या नोंदवह्या पाहाव्यात. पानांना वाळवी लागली असली तरी मुलींची नावे वाचता येतात.